सातची हजेरी

सकाळचे सात वाजले की शेजारच्या लाईलच्या गोठ्यापुढची थाळी वाजायची, आणि कुंपणाच्या अलीकडून एकनाथराव छाती भरून ओरडायचे, ‘‘हाजिर!’’

थाळी म्हणजे जेवायची नव्हे. जुन्या ट्रॅक्टरमागच्या औताची ती लोखंडी तबकडी होती, मधोमध भोक असलेली. लाईलने ती साखळीने मेपलच्या फांदीला टांगली होती. हातोडीचा एक टोला दिला की आवाज पार रस्त्यापलीकडच्या नव्या घरांपर्यंत जायचा. त्या घरातल्या लोकांनी दोनदा तक्रारीची पत्रं धाडली होती. ती आपण शेळ्यांना खाऊ घातली असं लाईल सांगायचा. खरं-खोटं शेळ्यांना ठाऊक.

एकनाथरावांची सत्तरी उलटली होती. सातारा जिल्ह्यातलं गाव, इंजिनिअर पलटणीत अठ्ठावीस वर्षं नोकरी, सुभेदार होऊन घरी आलेले. एकाहत्तरच्या लढाईत डावा कान गेला तो गेलाच. बायको सुमित्रा वारल्यावर गावात एकटे कसे राहणार म्हणून मुलगा गिरीश त्यांना अमेरिकेत, बॉथेलला घेऊन आला. गिरीश सॉफ्टवेअरमध्ये, सून लतिका एका लॅबमध्ये, सहा वर्षांची नात रुही शाळेत. दिवसभर घर म्हाताऱ्याच्या अंगावर यायचं. टीव्ही बघा, बाबा, असं सून सांगून जायची. टीव्हीत काय बघणार? दोन महिने त्यांनी गॅलरीत उभं राहून पाऊस बघितला. बॉथेलचा पाऊस पडतही नाही आणि थांबतही नाही, नुसता भिजवतो.

तसाच पाऊस बघत असताना एक दिवस त्यांना मागच्या कुंपणापलीकडे एक गोरा म्हातारा शेळीचे खूर कापताना दिसला. कापताना कसला, झटताना. शेळी त्याला फरफटवत होती आणि त्याच्या उजव्या हाताला बोटंच दोन होती. एकनाथराव जिना उतरले, स्लिपर घालूनच कुंपण ओलांडलं आणि शेळीची मान गुडघ्यात धरली. ओळख ना पाळख. चारही खूर कापून झाल्यावर गोऱ्याने विचारलं, ‘‘आर्मी?’’ शेळी धरायच्या पद्धतीवरून त्याला ते कसं कळलं कुणास ठाऊक. एकनाथराव ताठ झाले. ‘‘यस सर. सुभेदार एकनाथ.’’

‘‘सार्जंट?’’

‘‘नो सार्जंट. सु-भे-दार.’’

‘‘ओके, सार्जंट,’’ म्हातारा म्हणाला.

तेव्हापासून रोज सातला थाळी, रोज हजेरी. लाईल सार्जंट म्हणायचा, एकनाथराव त्याला लाईलसाब म्हणायचे. पाच एकराचा तुकडा, अकरा शेळ्या, वाटाण्याच्या चार सऱ्या, रासबेरीची जाळी. चहूबाजूंनी बिल्डरने एकसारखी घरं उभी केली होती आणि त्यांच्यामध्ये हा तुकडा तेवढा उरला होता. दोघं शेण भरायचे, सुतळीने वाटाण्याच्या काठ्या बांधायचे, धारा काढायचे. मग गोठ्यात उपड्या बादल्यांवर बसून काळी कॉफी प्यायचे. ती कॉफी एकनाथरावांना मुळीच आवडायची नाही. पण पलटणीत चहासुद्धा कुठे आवडण्यासारखा मिळत होता?

बादल्यांवर बसून दोघं बोलायचे. लाईल इंग्रजीत, एकनाथराव मराठीत. एकनाथरावांचं इंग्रजी परेडच्या मैदानाबाहेर कधी गेलंच नव्हतं. लाईल कोरियाच्या थंडीबद्दल सांगायचा, बोटं आणि पायाचा अंगठा तिथल्याच बर्फात राहिला होता. बर्फात आणखी कुणीतरी राहिलं होतं, कारण एक नाव पुन्हापुन्हा यायचं आणि ते आलं की लाईलचा आवाज बसायचा. एकनाथराव आपल्या विठू हवालदाराबद्दल सांगायचे. सुरुंगाच्या पट्ट्यात तो पडला, रात्रभर हाका मारत होता, आणि उजाडेपर्यंत कुणी आत जायचं नाही असा हुकूम होता. उजाडायच्या आत हाका थांबल्या. ही गोष्ट एकनाथरावांनी सुमित्रेला कधी सांगितली नव्हती, पोराला तर नाहीच. लाईलला चार वेळा सांगून झाली. समोरच्याला शब्द कळत नाही हे ठाऊक असलं की माणसाला बोलता येतं.

नाताळात लाईलची मुलगी कॅरन दूर ॲरिझोनातल्या टूसॉनहून आली होती. मोकळ्या मनाची, बापासारखीच लांब हाडांची बाई. लतिकाच्या स्वयंपाकघरात बसून ती बरंच बोलली आणि जाताना डोळे पुसत गेली. रात्री जेवताना लतिकाने सासऱ्यांना सगळं सांगितलं.

‘‘बाबा, कॅरनची आई गेल्यापासून लाईल अंकल अंथरुणातून उठतच नव्हते म्हणे. दुपार-दुपारपर्यंत पडून. जेवण नाही, अंघोळ नाही. मिलिटरीच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या, त्या ड्रॉवरमध्ये टाकून दिल्या. माजी सैनिकांच्या ग्रुपमध्ये पाठवलं, एकदा गेले आणि परत नाही. आता तुम्ही येता म्हणून उठतात. ती म्हणाली, ज्या दिवशी डॅड उठणं बंद करतील, त्या दिवशी मी त्यांना माझ्याकडे घेऊन जाणार. जमीन बिल्डरला द्यायची. पेपर्स रेडी आहेत, सही तेवढी राहिलीय.’’

‘‘मंग उठवू की,’’ एकनाथराव भाताचा घास घेत म्हणाले. ‘‘त्यात काय अवघड हाय? पलटणीत चारशे गडी उठवलेत मी.’’

हिवाळा असा गेला. मार्चमध्ये तिकडे इराकची लढाई सुरू झाली. घराघरातल्या टीव्हीवर धूर आणि रणगाडे. तीन दिवस लाईल थाळी वाजवायचा, पण हातातली बादली हातातच राहायची. चौथ्या दिवशी एकनाथराव त्याच्या घरात गेले, टीव्ही भिंतीकडे तोंड करून फिरवला आणि म्हणाले, ‘‘लाईलसाब. गोट. मिल्क. मार्च!’’ लाईल हसला. तीन दिवसांत पहिल्यांदा.

एप्रिलमध्ये पांढऱ्या शेळीचे दिवस भरत आले. लाईल तिला ग्रेटा म्हणायचा, एकनाथराव चंद्री. ती दोन्ही नावांना ओ द्यायची. पोट एका बाजूला उतरलं होतं आणि दोन करडं असावीत असा एकनाथरावांचा अंदाज होता. पहिलटकरीण, अंगाने बारीक. लाईलने आपला दोन बोटांचा हात पुढे धरला, मान हलवली आणि एकनाथरावांच्या हाताकडे बोट दाखवलं. या हाताने जमणार नाही, डाव्याला सवय नाही, वेळ आली तर तुझा हात.

‘‘यस सर,’’ एकनाथराव म्हणाले. ‘‘माय हँड. ड्यूटी.’’

त्याच शनिवारी गिरीश सिंगापूरहून परतला.

पंधरा दिवसांच्या कामासाठी गेला होता. तिकडे तो नवा ताप पसरला होता, सार्स का काय, सगळे तोंडाला फडकी बांधून हिंडत होते. रविवारी संध्याकाळी त्याचं अंग तापलं, वर कोरडा खोकला. फोनवर डॉक्टरने सांगितलं, दहा दिवस घरातच राहा, घरातलंही कुणी बाहेर पडू नका, श्वास लागला तर लगेच फोन करा. तपासणीपुरतं मास्क लावून येऊन जा, निकाल यायला आठवडा तरी लागेल.

तिघं मोठी माणसं जिन्यात बसली. गिरीश वरच्या खोलीच्या दारात तोंडाला मास्क लावून, लतिका मधल्या पायरीवर, एकनाथराव खाली.

‘‘कुणाला सांगायचं नाही,’’ लतिका म्हणाली. ‘‘माझ्या लॅबमधली ती चायनीज मुलगी. फक्त तिची आई हाँगकाँगहून आली होती, तर लंचला कुणी तिच्या टेबलवर बसत नाही. रुहीच्या शाळेत कळलं तर पोरीला वर्षभर कुणी हात लावणार नाही. गिरीश, तुझ्या व्हिसाचं काय?’’

‘‘स्प्रिंग ब्रेक आहे. आपण सगळे व्हर्जिनियात हर्नडनला गेलोय, पद्मिनीताईकडे. असं सांगू,’’ गिरीश आतून म्हणाला. पद्मिनी म्हणजे त्याची थोरली बहीण. ‘‘कार गॅरेजमध्ये. ब्लाइंड्स खाली. दहा दिवसांचा तर प्रश्न आहे यार.’’

‘‘लाईलसाबला तरी खरं सांगा,’’ एकनाथराव म्हणाले. ‘‘माझ्या अंगात कसर हाय एवढं सांगा.’’

‘‘बाबा, मागे तुम्हाला सर्दी झाली तर ते अंडी घेऊन आले होते. सूप घेऊन आले होते. दारातून आत आले, तुमच्या पलंगावर बसले. आता आले तर? त्यांची छाती आधीच कशी वाजते बघता ना तुम्ही. आणि चर्चमध्ये सांगतील बिचारे, प्रेअर करा म्हणून. सगळ्या बॉथेलला कळेल. झाकली मूठ सव्वा लाखाची.’’

एकनाथरावांनी नातीकडे बघितलं. ती त्यांच्या मांडीला टेकून पेन्सिल चावत होती. खोटं त्यांना जमायचं नाही, पण जमत नाही म्हणून पोरीचं नुकसान करायचं का? आणि लाईलची छाती वाजते हे खरंच होतं.

‘‘बरं,’’ ते म्हणाले. ‘‘दहा दिवस.’’

लतिकाने लगेच फोन लावला. गोड आवाजात बोलली. एकनाथरावांना त्यातलं ‘व्हर्जिनिया’ तेवढं कळलं. फोन ठेवून ती म्हणाली, ‘‘ते म्हणाले, ग्रेटाची वेळ आलीय. सार्जंटला माहीत आहे ना? मी म्हटलं, तातडीचं काम निघालं.’’

‘‘मंग काय म्हणाला?’’

‘‘काही नाही. सेफ ट्रिप म्हणाले.’’

सोमवारी सातला थाळी वाजली.

एकनाथराव पलंगावर उठून बसले होते, बूट घालून. घराचे पडदे खाली, आत मिट्ट संध्याकाळ. त्यांचा हात सावधानसारखा आपोआप पँटच्या शिवणीला गेला, छाती भरली, आणि तोंड उघडणार तोच त्यांनी ते दोन्ही हातांनी दाबलं. उजव्या कानात लोखंडाचा आवाज घुमत राहिला. तो विरायला वेळ लागतो, हे त्यांना एवढ्या महिन्यांत कधी कळलं नव्हतं, कारण त्यात त्यांचाच आवाज मिसळायचा.

पडद्याची एक पट्टी बोटभर वाकवून त्यांनी बघितलं. लाईल हातोडी धरून उभा होता. त्याला ठाऊक होतं की पलीकडे कुणी नाही. तरी तो कुंपणाकडे बघत थोडा वेळ उभा राहिला, मग बादली उचलून गोठ्यात गेला.

असं घरातल्या घरात चोरासारखं राहणं सुरू झालं. डीप फ्रीझमधल्या पोळ्या, पिठलं, भात. रुही मोठ्याने हसली की आई तिच्या तोंडावर हात ठेवायची. ‘‘बट वाय, मॉम? वी आर होम!’’ पोर विचारायची. नळ हळू सोडायचा, खुर्ची उचलून ठेवायची. दोन वेळा दारावरची बेल वाजली आणि चौघंही जागच्या जागी थिजली. सुभेदाराने शत्रूच्या मुलखात रांगत सुरुंग काढले होते, पण स्वतःच्या पोराच्या घरात संडासला चवड्यांवर जायची पाळी त्यांच्यावर पहिल्यांदाच आली. त्यांना याची लाज वाटली. हे काही शिपायाचं काम नव्हे.

मंगळवारी थाळी वाजली. बुधवारी साडेसातला. गुरुवारी आठ वाजून गेल्यावर, तीही हलकेच, कुणी चुकून धक्का दिल्यासारखी. लाईलची दाढी वाढली होती. वाटाण्याचे वेल काठ्या सोडून जमिनीवर लोळायला लागले होते आणि तो त्यांच्यावरून पाय टाकून जात होता. एकनाथरावांनी बोटांनीच हवेत गाठ मारली. सुतळी तिथे खुंटीलाच होती. दहा मिनिटांचं काम.

‘‘लतिका, त्याला फोन तरी कर. म्हणावं, हर्नडनहून बोलतोय.’’

‘‘बाबा, कॉलर आयडी असतो. नंबर दिसेल घरचा.’’

‘‘मंग मोबाइलवरनं कर.’’

लतिकाने केला. घंटा वाजत राहिली, कुणी उचललं नाही.

शनिवारी सकाळी थाळी वाजलीच नाही. नऊच्या सुमाराला चंद्री ओरडायला लागली.

एकनाथरावांना आवाज ऐकताच कळलं. भुकेचं ओरडणं वेगळं, करडाला बोलावणं वेगळं. हे कण्हणं होतं, मधे थांबून पुन्हा वर चढणारं. शेळी अडली होती. पहिलं करडू आडवं आलं असणार, किंवा मान मागे वळलेली. हाताला तेल लावून आत घालायचा, कळ ओसरली की करडू मागे लोटायचं, पाय चाचपायचे, मान धरून सरळ करायची. लहानपणापासून पन्नास वेळा केलेलं. हात पाचही बोटांचा हवा, एवढंच.

ते जिना उतरून मागच्या दाराशी आले. लतिका आडवी उभी राहिली.

‘‘बाबा, नाही.’’

‘‘पोरी, शेळी मरंल. बाजूला हो.’’

‘‘बाबा, गिरीशला आजही ताप आहे. रिझल्ट आलेला नाही. तुम्ही त्याच्या ताटाला हात लावलाय, त्याची चादर उचललीय. तुमच्या अंगात असलं आणि लाईल अंकलना झालं तर? ते वाचतील का? शेळी वाचवायला जाल आणि...’’ तिने वाकून त्यांचे पाय धरले. ‘‘तुमच्या पाया पडते.’’

वरून गिरीश खोकला. बाहेर चंद्री ओरडली. एकनाथराव सुनेच्या डोक्याकडे बघत उभे राहिले. ती चुकीचं बोलत नव्हती, हीच तर अडचण होती. चुकीचं असतं तर तिला हाताने बाजूला सारून ते कधीच गेले असते.

‘‘निदान लाईलला सांग, आता तरी सांग. फोन कर.’’

‘‘करते,’’ लतिका म्हणाली. केला. गोठ्यात गुडघ्यांवर बसलेल्या माणसाला घरातला फोन कसा ऐकू येणार?

एकनाथराव वर गेले. पट्टी वाकवली. गोठ्याचं दार उघडं होतं आणि लाईलचे बूट तेवढे दिसत होते, तळवे बाहेर, गुडघ्यांवर बसलेल्या माणसाचे. चंद्री अकरापर्यंत ओरडत होती. एकदा लाईल बाहेर आला. उजवा हात कोपरापर्यंत लाल. कुंपणापर्यंत चालत येऊन त्याने या बंद घराकडे बघितलं, एकेका खिडकीकडे. एकनाथराव त्याच्याकडे सरळ बघत होते. मधे एक बोटभर फट आणि तीस पावलं. हाक मारली असती तर हळू आवाजातसुद्धा ऐकू गेली असती.

त्यांनी मारली नाही. विठूच्या वेळी हुकूम होता. या वेळी ‘बरं’ ते स्वतः म्हणाले होते.

लाईल परत फिरला. साडेअकराला सगळं शांत झालं. एकनाथराव पलंगावर बसले, चांगला कान त्यांनी उशीत खुपसला, आणि ते रडले. आवाज न करता, कारण घरात आवाज करायचा नव्हता.

त्यानंतर गोठ्याकडे कुणी आलं नाही. रविवारी नाही, सोमवारी नाही. शेळ्या कासा भरून ओरडत राहिल्या. मंगळवारी एक ट्रक आला, दोन अनोळखी माणसांनी उरलेल्या दहा शेळ्या चढवल्या आणि ते गेले. लाईलच्या पुढच्या अंगणात भाड्याची लाल गाडी उभी होती.

बुधवारी डॉक्टरचा फोन आला. सार्स नव्हता. साधा फ्लू.

लतिका देवासमोर निरांजन लावून रडली. गिरीशने मास्क कचऱ्यात टाकला आणि म्हणाला, ‘‘थँक गॉड. सुटलो.’’ रुही धावत जाऊन खिडक्यांचे पडदे वर करायला लागली. घरभर ऊन आलं. दहा दिवसांत पहिलंच ऊन.

एकनाथराव बूट घालून तयार होते. ‘‘लतिका, चल. तू बोलायला हवीस.’’

लाईलच्या स्वयंपाकघराचं दार कॅरनने उघडलं. आत खोकी बांधलेली. लाईल खिडकीशी खुर्चीत बसला होता, अंगात स्वच्छ शर्ट, मांडीवर हात. दाढी मुलीने केली असावी, हनुवटीवर कापलं होतं. दहा दिवसांत माणूस एवढा उतरतो? गालाची हाडं वर आली होती. त्याने एकनाथरावांकडे बघितलं, ओळखल्यासारखी मान हलवली आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागला.

कॅरन हळू आवाजात लतिकाला सांगत होती आणि लतिका सासऱ्यांना. ‘‘शेळी आणि दोन्ही करडं गेली. मग हे आत येऊन पडले, ते तीन दिवस उठलेच नाहीत. शेजारच्या कुणीतरी कॅरनला फोन केला. काल त्यांनी सही केली, बाबा. स्वतःच पेन मागितलं म्हणे. आज निघतायत.’’

एकनाथराव खुर्चीसमोर जाऊन उभे राहिले. ‘‘त्याला सांग, मी हर्नडनला न्हवतो.’’

‘‘बाबा, आता कशाला?’’ लतिका मराठीत कुजबुजली. ‘‘परत आलात, एवढंच म्हणू. त्यांना आणखी त्रास.’’

‘‘सांग. त्याच्याशी आजवर खोटं बोललो न्हाय मी. सांग, वरच्या खोलीत होतो. गिरीशच्या तापाचं सांग. सगळं सांग.’’

लतिकाने सांगितलं. अडखळत, मधे दोनदा थांबत. कॅरनने तोंडावर हात ठेवला. लाईलने मान वळवली आणि पहिल्यांदा एकनाथरावांकडे नीट बघितलं. एक प्रश्न विचारला.

‘‘थाळी ऐकू येत होती का, म्हणतात.’’

‘‘रोज,’’ एकनाथराव म्हणाले.

‘‘आणि ग्रेटा?’’

‘‘ती बी.’’

हे भाषांतर न करताच त्याला कळलं. लाईलने आपला दोन बोटांचा हात उलटा-सुलटा करून बघितला आणि सावकाश काहीतरी बोलला. राग नव्हता त्यात. राग असता तर बरं झालं असतं. लतिकाला हुंदका आला, ती भिंतीकडे वळली.

‘‘काय म्हणाला? लतिका, काय म्हणाला तो?’’

‘‘म्हणतात, मला वाटलं, तुम्हाला माझा कंटाळा आला.’’ तिने ओढणीने नाक पुसलं. ‘‘म्हणतात, सांगितलं असतं तर मी खिडकीखाली येऊन उभा राहिलो असतो. लांब उभं राहायला मला येतं. तुम्ही वरून सांगितलं असतंत करडू कसं वळवायचं, तर मी वळवलं असतं. दोन बोटांनी का होईना.’’

एकनाथराव खाली बसले. गुडघ्यांवर, त्या खुर्चीपुढे, लिनोलियमच्या फरशीवर. लाईलचे दोन्ही हात त्यांनी धरले. सांगता येईल असं इंग्रजी त्यांच्याजवळ नव्हतंच, आणि मराठी तरी कुठे होती? ‘‘लाईलसाब,’’ ते म्हणाले, ‘‘सॉरी सर. रिपोर्टिंग लेट, सर.’’

‘‘इट्स ऑल राइट, सार्जंट,’’ लाईल म्हणाला.

‘‘पोरी, तो कागद फाडता येत न्हाय का? विचार तिला. म्हणावं, उद्यापासनं मी हाय. रोज हाय. सातला.’’

लतिकाने विचारलं. कॅरनने बापाकडे बघितलं. तिने उत्तर द्यायच्या आधीच लाईलने मान हलवली आणि थोडंसंच बोलला.

‘‘नको म्हणतात. आता मला उठवत नाही, म्हणतात.’’

दुपारी खोकी गाडीत चढली. लाईलला कॅरनने हाताला धरून पायऱ्या उतरवल्या. तो गोठ्याकडे वळला नाही, मेपलकडे वळला नाही. एकनाथरावांनी सॅल्यूट ठोकला आणि तो तसाच धरून ठेवला. लाईलचा हात अर्ध्यावर वर आला, मग त्याला गाडीचं दार धरावं लागलं.

गाडी सुरू झाली तसे एकनाथराव पळाले. सत्तरी उलटलेला माणूस, ओल्या गवतातून, लोळलेल्या वाटाण्यांवरून. गोठ्यात चंद्रीची जागा तशीच होती, भुसा काळा पडलेला. हातोडी दाराशी पडली होती. ती उचलून ते मेपलखाली आले आणि त्यांनी थाळीवर टोला दिला. एक, दोन, तीन. खांदा निखळेल असे टोले. आवाज साऱ्या नव्या घरांवरून गेला. कुठेतरी कुत्रं भुंकायला लागलं. ‘‘हाजिर!’’ ते ओरडले. ‘‘लाईलसाब, हाजिर! हाजिर!’’

उताराच्या टोकाला लाल गाडीचे मागचे दिवे लागले. गाडी थांबली. एकनाथरावांनी श्वास रोखला. कुंपणाशी आलेल्या लतिकानेही.

मग दिवे विझले आणि गाडी डावीकडे वळून गेली. तिथे स्टॉपची पाटी होती. सगळ्याच गाड्या तिथे थांबतात.

थाळी अजून साखळीला हलत होती. एकनाथरावांनी पुढे होऊन ती हाताने धरली आणि थांबवली. मग ते वाटाण्याच्या सरीत बसले, खुंटीवरची सुतळी घेतली आणि वेल उचलून काठ्यांना बांधायला लागले. लतिका कुंपण ओलांडून जवळ आली. ‘‘बाबा,’’ ती म्हणाली, ‘‘इथे आता सगळं पाडणार आहेत.’’

‘‘ठाव हाय,’’ एकनाथराव म्हणाले, आणि त्यांनी पुढची काठी धरली.